उखा आप्पांची आक्का

उखा आप्पांच्या ओसरीवर जायचं तर जोडे पायरीखाली काढावे लागत आणि आवाज त्याच्याही खाली ठेवावा लागे. बांधावरून भांडत आलेले सख्खे भाऊ असोत, दवंडीवाला असो की खुद्द तलाठी असो, आप्पा ओठांवर बोट ठेवून आतल्या भिंतीकडे मान वळवत आणि म्हणत, "हळू बोला. आक्का वाची ऱ्हायनी."

आक्का वाचत होती यात शंका नव्हती. माझ्या लहानपणी ती वाचत होती. मी धुळ्याला जाऊन मास्तरकीची परीक्षा देऊन आलो तेव्हा वाचत होती. मला पहिला मुलगा झाला तेव्हाही तिचं तेच पान चाललं होतं. त्याला तिचा इलाज नव्हता, कारण आक्का म्हणजे भिंतीवरची एक तसबीर होती. तेलरंगातली, सोनेरी चौकटीची, उभ्या माणसाच्या कमरेइतकी उंच.

पण नुसती तसबीर म्हणून तिची ओळख करून दिली असती तर आप्पांनी मला त्या दारात पुन्हा उभं केलं नसतं. शहाद्यात आमची आणि त्यांची धाब्याची घरं भिंतीला भिंत लागून होती. आमच्या गल्लीत बाहेरचा पाहुणा आला की दोन गोष्टी दाखवायला नेत. एक गोमाई नदी आणि दुसरी आप्पांची आक्का. नदीला उन्हाळ्यात पाणी नसे. आक्का मात्र बारमाही होती.

कोणा हुन्नरी माणसानं माझ्या आजोबांच्या काळात मुंबईत ते चित्र काढलं होतं. तिशीची एक बाई खुर्चीत ताठ बसली आहे. हिरवं काठाचं नऊवारी, नाकात छोटी नथ, गळ्यात मंगळसूत्र आणि दुसरा दागिना नाही. मांडीवर पुस्तक, त्यात एक बोट घातलेलं, आणि नजर आपल्याकडे. आपण मध्येच येऊन टपकलो म्हणून तिनं वाचन थांबवलं आहे, आपण गेलो की पुन्हा सुरू करणार आहे, असा चेहरा. चितारी असा इमानी की त्यानं काहीएक गाळलं नव्हतं. कानामागून सुटलेली बट होती, कोपराशी दुमडलेली चोळी होती, आणि उजव्या मनगटावर भाजल्याचा एक तपकिरी डाग होता. त्या डागावर आप्पांचा सगळ्यात जास्त जीव होता.

ही बाई आप्पांची कोण, असं नवा माणूस विचारी. आप्पा म्हणत, "बहीन." त्यांचा चेहरा असा असे की पुढचा प्रश्न माणूस गिळून टाकी.

खरी हकिकत अशी. फार वर्षांपूर्वी शहाद्याला पुण्याकडचे एक मामलेदार होते. त्यांची एकाएकी कानडी मुलखात बदली झाली. त्यांचं सामान दोंडाईच्याच्या स्टेशनावर पोचवायला आप्पांची बैलगाडी ठरली. तापी ओलांडून सगळं सामान धड पोचलं, पण ही तसबीर घ्यायला गार्ड काही तयार होईना. डब्यात मावत नाही आणि काच फुटली तर मी जबाबदार नाही, म्हणाला. गाडीची शिट्टी झाली. मामलेदारांनी घाईघाईत आप्पांना सांगितलं, "पाटील, ही माझी आई आहे. तुमच्याकडे ठेवा. मी माणूस पाठवतो." आणि ते गेले.

आप्पा परतले. वेशीत कोणी विचारलं, गाडीत काय आहे? आप्पांनी जे घडलं ते सांगितलं. "मामलेदार सायबनी माय मन्हा घर ऱ्हावाले येल शे."

बस, एवढं ऐकून गल्लीतल्या बायांनी धावपळ केली. साहेबाची म्हातारी आई प्रवासात आजारी पडली, तिला मागे ठेवून साहेब गेला, असा त्यांनी अर्थ लावला. कोणी खाट काढली, कोणी पाणी तापवलं. माझी आई खणानारळाची ओटी घेऊन धावली, कारण बाईमाणूस पहिल्यांदा दारात येतंय. गाडीतलं गवत बाजूला केलं तर खाली ही खुर्चीत बसलेली. आता आलेल्या बाया ओटी घेऊन माघारी जाणार कशा? भरायला काढलेली ओटी परत घरात नेत नाहीत. शेवटी माझ्या आईनंच पुढे होऊन चौकटीला कुंकू लावलं आणि तसबिरीपुढे ओटी भरली.

आप्पांचा हिशेब तिथंच पक्का झाला. जिची ओटी आपल्या दारात भरली ती माहेरवाशीण, आणि माहेरवाशीण ती बहीण. तेव्हा आप्पा चाळिशीचे असतील. आक्का दिसायला तिशीची, तरी मान म्हणून त्यांनी तिला थोरली केली. पुढं आप्पांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, दात हलले. लोक म्हणत, आप्पा, आता तिला पुतणी तरी म्हणा. पण आप्पांच्या घरात नातं वयावर चालत नसे.

कोणी चुकून तसबिरीला हार घातला तर मात्र त्यांचा पारा चढे. नव्यानं आलेल्या एका शाळा तपासनिसांनी भक्तिभावानं झेंडूचा हार पुढं केला होता. आप्पांनी तो अर्ध्या वाटेत धरला. "जित्ता मानूसले हार घालतस का, सायेब?" तपासनिसांनी तो हार शेवटी बाहेर बैलाच्या गळ्यात घातला, आणि बैल शोभलाही चांगला.

आप्पांच्या बायकोला, आमच्या बायजा काकीला, या नणंदेचा वेगळाच जाच होता. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. भाऊ मुऱ्हाळी होऊन गाडी घेऊन जातो आणि बहिणीला घेऊन येतो. मग मांडे, आमरस, सांजोऱ्या, झाडाला झोका आणि दिवसभर गाणी. आक्का येण्याआधी काकीचा भाऊही दर आखाजीला काकीला न्यायला येई. पण आता घरात नणंद होती. नणंद माहेरी बसलेली असताना भावजय आपल्या माहेरी जाते की काय? काकी पदराला हात पुसत मला सांगे, "नणंद वनी आनी मन्हं माहेर बंद व्हयनं. बरं, नणंद बी अशी की भांडस बी नही."

पण आखाजीला चुलीवर खापर ठेवून परातीएवढे मांडे तीच भाजी, आणि पहिला मांडा तसबिरीपुढं तीच ठेवी. आप्पा नवं लुगडं आणत. ते दिवसभर चौकटीवर असे, संध्याकाळी ज्या पोरीला माहेरून काही मिळालं नसेल तिला जाई. मग आप्पा आक्काला दोन्ही हातांनी उचलून अंगणातल्या निंबाखाली नेत, धोतराच्या मऊ पट्ट्यांनी झोक्याच्या पाटावर नीट बांधत आणि हळूहळू झोका देत. एक हात कायम चौकटीच्या मागं. भोवती गल्लीतल्या पोरी फेर धरून गात, आणि आक्का पुस्तकात बोट घालून सगळ्यांकडे बघत मागंपुढं होई. एका वर्षी दोर निसटला. आप्पा पाठीवर पडले आणि आक्का त्यांच्या छातीवर. महिनाभर हात गळ्यात बांधून फिरले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला मोठ्या ऐटीत सांगत, "आक्काले काही लागनं नही."

आक्काचे डोळे ही आणखी एक वस्तू होती. तुम्ही खोलीत कुठंही उभे राहा, ती तुमच्याकडेच बघे. याचा आप्पांनी पुरेपूर उपयोग केला. कापूस मोजायच्या दिवशी काटा तसबिरीसमोर लावला जाई. नंदुरबारचे व्यापारी शेठ काट्याजवळ वाकले की आप्पा शांतपणे म्हणत, "आक्का देखी ऱ्हायनी, शेठ." शेठ दचकून वर बघत. ती बघतच असे. आमच्या गल्लीतले बाकीचे लोकही मग आपला कापूस मोजायला आप्पांच्याच घरी आणू लागले.

एकदा कचेरीत राणीची तसबीर लागलेली आप्पांनी पाहिली. मी बरोबर होतो. मला वाटलं आता यांना आपल्या आक्काचं थोडं कमी वाटेल. आप्पा कितीतरी वेळ राणीकडे निरखून बघत राहिले आणि बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राणीना हात देखात का, मास्तर? डाग नही, काही नही. त्या हातनी कव्हय भाकर करेल नही." मग मिशीवर हात फिरवून, "आमनी आक्काना हातवर खापरना चटका शे. घरनी बाई शे ती." तो चटका मांडे भाजतानाचा आहे, म्हणजे आक्का मुळात खानदेशचीच आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. पुण्याकडच्या बायांना खापराचं नावही माहीत नसतं, असं मी एकदा म्हटलं होतं. आप्पा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

माझ्यावर मात्र त्यांनी एक काम सोपवलं होतं. आप्पांना अक्षरओळख नव्हती. आक्काच्या हातात कसलं पुस्तक आहे, हे त्यांनी मला विचारलं. मी अगदी नाक लावून पाहिलं, पण चिताऱ्यानं पुस्तकावर नुसते ब्रशचे फराटे ओढले होते. मी म्हटलं, पोथी असेल. "पोथी पाटवर ठेवी वाचतस," आप्पा म्हणाले. "हाई खुर्चीमा बठी वाचस. दुसरं काहीतरी शे." मग त्यांच्या मनात आलं, की इतकी वर्षं एकच पान वाचून ही कंटाळली असणार. तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या घरी बसून धुळ्याचं साप्ताहिक आक्काला मोठ्यानं वाचून दाखवू लागलो. एवढ्या एका आवाजाला ओसरीवर परवानगी होती. आप्पा भिंतीला टेकून ऐकत. कपाशीचे भाव ऐकले की खूश होत आणि म्हणत, "आक्काले आवडनं." शाळेत पोरं माझ्याकडे लक्ष देत नसत. इथं एक श्रोता तरी डोळ्याला डोळा भिडवून ऐकत होता, म्हणून मीही रविवार कधी चुकवला नाही.

या सगळ्या अभिमानाखाली एक भीती होती, आणि ती सगळ्या गल्लीला माहीत होती. मामलेदार म्हणाले होते, मी माणूस पाठवतो. तो माणूस वर्षानुवर्षं आला नाही, पण सारंगखेड्याच्या रस्त्यानं टोपीकोट घातलेला कोणीही आला की आप्पांची गडबड उडे. एकदा एक विमा एजंट नुसता पत्ता विचारायला ओसरीवर चढला. आप्पांनी आत धावत जाऊन तसबिरीवर गोधडी टाकली आणि बाहेर येऊन, त्यानं काहीही विचारलं नसताना, सांगितलं, "आक्का घर नही. म्हसावदले गयेल शे."

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. आखाजी जवळ आली की आप्पांचं घर म्हणजे मुऱ्हाळ्यांची शाळा होई. त्यांच्याइतक्या सुरेख घुंगुरमाळा गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. बहिणीला आणायला निघालेली गल्लीतली पोरं त्या मागायला येत. आप्पा स्वतः दुसऱ्यांच्या बैलांना माळा बांधत आणि बांधता बांधता शिकवत. "बहीनना दारशी गया म्हंजे पयलं तिन्ही सासूना पाय पड. पानी मांगू नको, ती देई तव्हय पे. चौथा मांडा खाऊ नको, बहीनले बोल लागस. आनी वाटमा तिन्हं गठुडं तू उचल." मीही माझ्या बहिणीला आणायला जाताना हे सगळं त्यांच्याकडूनच शिकलो. इतकं बारीक माहीत असलेला माणूस किती वेळा मुऱ्हाळी गेला असेल, असं मला वाटे.

एका माघ महिन्यात दुपारच्या वेळी एक बाई गल्लीत आली. खांद्यावर पदर, पायात चपला, हातात पिशवी. टोपीकोट नव्हता म्हणून आप्पा बेसावध राहिले. ओसरीच्या पायरीशी तिनं चपला काढल्या आणि विचारलं, "उखाजी पाटील इथंच राहतात का? मी पुण्याहून आले. मी कुसुम. इथं पूर्वी मामलेदार होते ना, त्यांची मुलगी."

रविवार होता, मी आत वाचत होतो. साप्ताहिक माझ्या हातात तसंच राहिलं. आप्पांना गोधडी टाकायला वेळ मिळाला नाही. ती बाई आत आली, तिनं भिंतीकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली. तेच कपाळ, तीच हनुवटी. फक्त नात आजीपेक्षा दहा वर्षांनी मोठी दिसत होती. मग तिनं जमिनीवर डोकं टेकून नमस्कार केला.

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. मामलेदारांच्या एकामागून एक बदल्या झाल्या, बायको गेली, आजारपणं आली. तसबीर कधीच कुठंतरी मोडूनतोडून गेली असणार, असं धरून ते गप्प बसले. आता ते अंथरुणाला खिळले होते आणि डोळे जात चालले होते. "अजून थोडं दिसतंय," कुसुमताई म्हणाल्या. "दिसतंय तोवर एकदा आईला बघायचंय म्हणतात. दुसरा ध्यास नाही त्यांना. मी म्हटलं, जाऊन तर येते."

आप्पा उठले आणि तसबिरीच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "आक्का तुन्ही आजी ना? मंग सांग. तिन्हा हातवर काय शे?" त्यांची पाठ तिला मनगट दिसू देत नव्हती. मला त्यांची लाज वाटली आणि कीवही आली.

"उजव्या मनगटावर चटका आहे," कुसुमताई म्हणाल्या. "बाबा चार वर्षांचे असताना पुरणपोळीच्या तव्यावर हात टाकायला गेले. आजीनं त्यांना ओढलं आणि तिचा हात तव्यावर पडला. चित्र काढताना चितारी म्हणाला, डाग झाकू का? ती म्हणाली, राहू द्या, माझ्या मुलाचा आहे."

आप्पांनी वळून आक्काच्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "खापरना नही?"

"तव्याचा," त्या म्हणाल्या.

"तवा तं तवा," आप्पा म्हणाले आणि बाजूला झाले.

त्यांनी त्या दिवशी मात्र आक्काला हलवू दिलं नाही. "आज जावानं नही. आमना घरथून माहेरवाशीन रिकामा हातनी जास नही. आनी तू बी मन्ही नात लागस, ताई. जेवाले बठ." दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं पुरण घातलं. बाजारातून लुगडं आलं, हिरवंच, काठाचं. सगळ्या बाया आल्या आणि ज्या माझ्या आईनं पहिली ओटी भरली होती तिनंच ही ओटीही भरली. काकी कोरड्या डोळ्यांनी वावरत होती. चौकट गाडीत ठेवताना मात्र तिनं पदराच्या टोकानं काच पुन्हा पुन्हा पुसली आणि म्हणाली, "जाय वं माय. भांडनी नहीस कव्हय."

आप्पांनी गाडी स्वतः हाकली. मी आणि कुसुमताई मागं बसलो होतो. आक्काचा चेहरा त्यांनी गावाकडे करून ठेवला होता. सारंगखेड्याला तापीच्या होडीत चढवतानाही तोंड मागेच. नावाड्यानं विचारलं, असं उलटं का? "सासरले जानारी पोर मांगे देखस," आप्पा म्हणाले. "तिले देखू दे."

दोंडाईच्याला पुन्हा तेच झालं. गार्ड वेगळा, पण बोलणं जुनंच. डब्यात मावणार नाही, काच फुटली तर मी जबाबदार नाही. खरं सांगतो, मला थोडी आशा वाटली. आप्पांनाही ती वाटली असेल तर त्यांनी दाखवली नाही. त्यांनी फेट्याच्या पदरातून दोन तिकिटं काढली. एक कुसुमताईंचं होतं. "हाई सामान नही, सायेब. बाईमानूस शे. तिन्हं तिकीट काढेल शे, देखा." गार्डनं तिकीट उलटसुलट करून पाहिलं, आप्पांच्या मिशांकडे पाहिलं आणि हसू दाबत बायकांच्या डब्याकडे बोट केलं. डब्यातल्या बाया सरकून बसल्या. खिडकीजवळच्या म्हातारीनं तर आक्काच्या चौकटीखाली आपलं घोंगडं अंथरलं. पुण्यापर्यंतच्या प्रवासात पूर्ण तिकीट काढून गेलेली ही एकच तसबीर असेल, आणि आमच्या शहाद्याची होती, हे मी अजून लोकांना सांगत असतो.

गाडी सुटताना कुसुमताई खिडकीतून वाकून आप्पांशी काहीतरी बोलल्या. मी बैलांपाशी होतो, मला ऐकू आलं नाही. आप्पांनी नुसती मान हलवली.

त्यानंतर आप्पांचं घर बघवत नसे. भिंतीवर तसबिरीच्या आकाराचा पांढराफटक चौकोन उरला होता. लोक सवयीनं जोडे काढत, सवयीनं हळू बोलत आणि त्या चौकोनाकडे बघून गप्प होत. आप्पाही हळूच बोलत. मी रविवारी साप्ताहिक घेऊन गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." काकी एकदा विहिरीवर मला म्हणाली, "आक्का येवाना पयलेबी असंच व्हतं, भाऊ. आखाजीले मी माहेरले जाऊ आनी तुमना आप्पा घरमा एकला. दुसरासना बईलसले माळा बांधेत आनी ओसरीवर बठी ऱ्हायेत." हे मला शेजारी राहूनही कधी दिसलं नव्हतं.

चैत्र संपला. आखाजी तोंडावर आली. पोरं घुंगुरमाळा मागायला आली, तर आप्पांनी पहिल्यांदाच नाही म्हटलं. कोणालाच देणार नाही, म्हणाले. पोरं तोंडं पाडून गेली आणि गल्लीत कुजबूज सुरू झाली की बहिणीच्या दुःखानं म्हातारा बिथरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुंगरांचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो. आप्पांची गाडी दारात उभी होती. बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, आणि सगळ्याच्या सगळ्या माळा त्यांच्याच गळ्यात. आप्पा पांढऱ्याशुभ्र धोतरात, डोक्याला नवा गुलाबी फेटा. काकी सांजोऱ्यांची टोपली गाडीत ठेवत होती. मला बघून आप्पांनी हाताला धरून बाजूला नेलं. साठीच्या त्या माणसाचा तळहात घामानं ओला होता.

"मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "बहीनना दारशी जाईसन पयलं काय बोलतस?"

मला समजेना. "आप्पा, तुमीच तं सगया गावले शिकाडं."

"आयकेल ते शिकाडं. मी कव्हय गयू? माले बहीनच कोठे व्हती." मग जरा थांबून, "आनी आक्का तं आठेच व्हती, इतला वरीस. घरमाच ऱ्हानारीले लेवाले कसं जावानं?" त्यांनी फेटा चाचपला. "ताई बोलनी, आखाजीले लेवाले या. बाबानं देखी व्हई. धाडसू."

म्हणजे गाडी सुटताना कुसुमताई खिडकीतून हेच बोलल्या होत्या, की आखाजीपर्यंत बाबांचं बघून होईल, आक्काला न्यायला या. काहीच बोलायचं नसतं, मी त्यांना सांगितलं. दारात उभं राहायचं. तिला आपोआप कळतं.

आप्पा गाडीवर चढले. सारंगखेड्याचा रस्ता उजव्या हाताला होता. आप्पांनी बैल डाव्या हाताला, भर बाजाराकडे वळवले. मी ओरडून सांगणार होतो की आप्पा, रस्ता इकडे आहे, तेवढ्यात काकीनं मला थांबवलं.

"जाऊ दे त्यासले. जलमभर दुसरासनं देखेल शे," ती म्हणाली. तिनं आपल्या भावाला निरोप धाडला होता की औंदाही नणंद येतेय, मला न्यायला येऊ नको. मग ती मांड्यांची डाळ निवडायला आत गेली.

मी ओसरीच्या पायरीवर उभा होतो. घुंगरांचा आवाज कापडवाल्यांपाशी थांबला. तिथं कोणीतरी विचारलं असावं. मग जरा पुढं, तेल्याच्या दुकानापाशी थांबला. मग आणखी पुढं. आणि ज्या माणसाचा आवाज वीसेक वर्षांत या ओसरीच्या पायरीपलीकडे कधी गेला नव्हता, त्याचा खणखणीत आवाज आख्ख्या बाजारावरून माझ्यापर्यंत आला.

"बहीनले लेवाले चालनू."